टेकडीवरचा हुंकार

चूक माझी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी माझी समजूत घालायला बसू नये. लोकांना दुसऱ्याची समजूत घालायची फार हौस असते आणि मला ती घालून घ्यायची सवय नाही.

मी भगवंतराव. एकतीस वर्षं पोलीस खात्यात वायरलेसवर काढली आणि अकोल्यात रिटायर झालो. रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, मी अँटेनांना लागलो. हौशी रेडिओचा परवाना होताच. गच्चीवर तीन पाइप, त्यांवर तीन तऱ्हेच्या तारा, आणि खाली शेजाऱ्यांची तक्रार, की यांच्यामुळे आमचा टीव्ही खराब दिसतो. टीव्ही त्यांचा केबलवर होता. पण ते असो.

पुंजाराम हा माझा हिवरखेडच्या शाळेतला सोबती. मी नोकरीला लागलो, तो बापाच्या मळ्यात राहिला. गावापासून सात किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याला, त्याची संत्र्याची साडेतीनशे झाडं आणि जोडीला थोडा भाजीपाला. बोलणं त्याचं जन्मापासून कमी. शाळेत गुरुजींनी विचारलं तरी "हूं", लग्नात भटजींनी विचारलं तरी "हूं". बायको मनकर्णा नेमकी उलट. तिचं तोंड सकाळच्या चहाबरोबर सुरू व्हायचं ते दिवा मालवेपर्यंत. बत्तीस वर्षं संसार असाच चालला होता. ती बोलायची, तो हुंकार द्यायचा, आणि तो मनापासून होता की नुसता सवयीचा, हे तिला शेवटपर्यंत कळायचं नाही. तिने मला एकदा तसं बोलूनही दाखवलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात पुंजारामला हार्टचा झटका आला. अमरावतीला नेलं, दोन स्टेंट टाकले. सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, यांना एकटं राहू देऊ नका. सांगायला काय जातं? मुलगा गोपाल अमरावतीला बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. घरी पुंजारामची आई गोदाबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून मनकर्णाला तासभरही बाहेर पडता येत नाही. आणि पुंजाराम घरी बसायला तयार नाही. महिनाभर बसला, मग एका सकाळी काही न बोलता मोटरसायकल काढून मळ्यात निघून गेला. मळ्यात मोबाइलला रेंज नाही. मधे टेकडी आहे. टेकडीच्या अलीकडे रेंजच्या चार काड्या, पलीकडे एकही नाही.

"भाऊजी, मले दुसरं काई नको," मनकर्णा मला म्हणाली. "हे तठी धड हायेत का नाई, एवढं मले घरी बसून समजलं पाह्यजे. तुमच्याजवळ काई जुगाड असन तं करा."

एवढंच तिला हवं होतं. यापेक्षा साधी मागणी माझ्याकडे आजवर कोणी आणली नव्हती.

दोन हँडसेट देऊन भागलं नसतं, टेकडी त्यांनाही आडवी आली असती. म्हणून मी टेकडीच्या माथ्यावर रिपीटर बसवायचं ठरवलं. रिपीटर म्हणजे काय, हे मनकर्णाला मी असं सांगितलं की वर एक पेटी राहील, ती इकडचं कानाने ऐकेल आणि त्याच क्षणी तिकडे मोठ्याने सांगेल. "म्हंजे आमच्या जाऊबाई," ती म्हणाली. आता खरं सांगायचं तर हे सगळं नियमात बसत नव्हतं. परवाना माझा होता, त्या दोघांचा नव्हता, आणि अशा पेटीला वेगळी परवानगी लागते हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. लोकांचे बिनपरवाना सेट जप्त करण्यात माझी अर्धी नोकरी गेली. पण दोस्ताच्या जिवाचा प्रश्न आहे म्हणून मी स्वतःलाच सूट दिली.

कामाला चार दिवस लागले. माथ्यावर मारुतीचं लहानसं देऊळ आहे, त्याच्या मागे लोखंडी पाइप गाडला. माझ्याकडचे दोन जुने सेट, एक ऐकायला आणि एक बोलायला, मधे फिल्टरचे डबे, खाली बॅटरी, वर सोलरची प्लेट. माकडांसाठी चहूबाजूंनी काटेरी तार. मळ्यात पुंजारामला एक हँडसेट, घरी मनकर्णाला एक सेट. घराच्या स्लॅबवर लावायची अँटेना मी एसीच्या तांब्याच्या नळीपासून स्वतः मोजून, कापून, डाग देऊन बनवली. मीटर लावून पाहिलं तर काटा जागचा हलला नाही, म्हणजे सगळी पॉवर हवेत जात होती, परत काहीच येत नव्हतं. अशी अँटेना कंपनीलाही जमत नाही. हे मी गोपालला दोनदा ऐकवलं, आणि त्याने दोनदा मान डोलावली.

यंत्र तयार झालं, पण पुंजाराम तयार होईना. बटण दाब, बोल, सोड, एवढंच काम. दाबायचा, घसा खाकरायचा आणि सोडून द्यायचा.

"भगवंता, मले हे तोंडापुढं धरून बोलनं होत नाई," तो म्हणाला. "आपन येडे झाल्यावानी वाटते."

शेवटी त्यानेच तोड काढली. मोबाइलवर मिसकॉल देतात तसं करायचं. ती घरून विचारेल, तो नुसतं बटण दाबून सोडेल. सेटमध्ये तेवढीच खरखर झाली की समजायचं, मी आहे. मला ते एकदम पसंत पडलं. अर्धं वऱ्हाड मिसकॉलवर चालतं. शेतातून निघालो, एक मिसकॉल. डबा पाठव, दोन. हुंकाराच्या माणसाला हे बरोबर शोभत होतं.

आठवड्याने मनकर्णाचा फोन आला. "मी बोलते ते तठी जाते का नाई, मलेच समजत नाई. भिताडासंग बोलल्यावानी होते. त्याइची खरखर तं मले आयकूच येत नाई."

तक्रार रास्त होती. मी पुन्हा हिवरखेडला गेलो, पुन्हा टेकडी चढलो आणि पेटीत एक आवाज भरून आलो. कोणीही बोलून बटण सोडलं की पेटी "टुंग" करायची. मोठ्या रिपीटरवर असा आवाज असतोच. खाली येऊन मी तिला सांगितलं, आणि त्यातला शब्द न् शब्द मला आठवतो, कारण नंतर तो मी मनात शेकडो वेळा म्हणून पाहिला आहे.

"वहिनी, तुमी बोलून बटन सोडलं का एक टुंग वाजन. ते पेटीचं. म्हंजे तुमचं बोलनं टेकडीवर पोचलं. मंग जराशानं दुसरं टुंग वाजलं का समजा, पुंजारामनं बटन दाबलं. एक पेटीचं, एक त्याचं. समजलं?"

"समजलं," ती म्हणाली. तेवढ्यात आतून गोदाबाईंनी हाक मारली आणि ती उठून गेली.

काय समजलं, हे मी विचारलं नाही. नव्या शिपायाला सेट शिकवताना त्याच्याकडून सगळं उलट म्हणवून घेतल्याशिवाय मी कधी सोडलं नाही. माझ्या हाताखालची पोरं मला त्यावरून शिव्या द्यायची. मनकर्णाकडून मात्र म्हणवून घेतलं नाही. घरचं माणूस, तिची काय परीक्षा घ्यायची, असं वाटलं.

दर तासाला ती बोलू लागली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून सुरुवात "अजी, आयकता का?" अशी व्हायची. आधी गोळी, डबा, ऊन याच गोष्टी होत्या. मग हळूहळू बाकीचं यायला लागलं. सासूने काय म्हटलं, भावाने राखीला काय पाठवलं, रात्री कोणतं स्वप्न पडलं. समोर बसून जे बत्तीस वर्षांत जमलं नव्हतं ते तिला त्या सेटवर जमू लागलं, कारण मधेच उठून जाणारा माणूस दिसत नव्हता, आणि दर वेळी उत्तर यायचं. "काका, आई आजकाल लय खुशीत हाय," गोपालने मला फोनवर सांगितलं. "बाबासंग दिवसभर गप्पा मारते." मी गच्चीवर उभा होतो. माझ्यावर मीच इतका खूश झालो की त्या दिवशी शेजाऱ्यालाही चहाला बोलावलं.

कार्तिकात मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. मनकर्णाने पानगे केले होते. बारा वाजले तसा तिने सेट उचलला.

"अजी, आयकता का? भाऊजी आले हायेत अकोल्याहून. पानगे केले. तुमच्या वाटचे ठेवते, संध्याकाळी खाजा."

तिने बटण सोडलं. टुंग.

"झालं, आयकलं त्याइनं," ती म्हणाली आणि सेट ठेवून माझ्या ताटात तूप वाढू लागली.

दुसरं टुंग आलं होतं का? आलं नसावं. मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो, आणि ज्याने ती पेटी बांधली त्याच माणसाच्या ते लक्षात आलं नाही. मी आवाज किती स्वच्छ येतो तेवढंच ऐकत होतो. "पाह्यलं का वहिनी, जराही खरखर नाई," असं वर मी म्हणालो. मग दुसरा पानगा मोडला.

माघातल्या एका बुधवारी पुंजाराम नेहमीसारखा नऊ वाजता मळ्यात गेला. दहा वाजता मनकर्णाने विचारलं, उत्तर आलं. अकराला विचारलं, आलं. बाराला तिने सांगितलं की डबा खाऊन घ्या आणि गोळी विसरू नका, त्याचंही आलं. एकला, दोनला, तीनला, चारला. पाचच्या सुमारास शेजारच्या मळ्यातला सहदेव गावाकडे निघाला होता. पुंजारामच्या मळ्यातलं पाणी वाफे भरून रस्त्यावर आलेलं पाहून तो आत शिरला. पुंजाराम संत्र्याच्या झाडाखाली कुशीवर पडलेला होता. डबा उघडलेला नव्हता. हँडसेट तिथून पन्नास-साठ पावलांवर, खोपटाच्या दारात खिळ्याला टांगलेला. चालू होता. सहदेव म्हणाला, तो बहुतेक तिथेच टांगलेला असायचा, कामात खिशाला जड होतो म्हणून.

डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं की जाऊन सहा-सात तास झाले आहेत. म्हणजे सकाळी साडेदहा-अकराच्या आसपास.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. सगळ्या रडत होत्या, मनकर्णा रडत नव्हती. मला पाहून तिने पदर सावरला.

"भाऊजी, डॉक्टरले काय समजते?" ती म्हणाली. "चार वाजेपर्यंत हे माह्यासंग होते. मी विचारलं का उत्तर येऊन राह्यलं होतं. म्या त्याइले एकटं नाई सोडलं. मरेपर्यंत मी होती त्याइच्यासंग."

मी तिच्यासमोर सतरंजीवर बसलो आणि मला समजलं. अकरानंतरची सगळी उत्तरं पेटीची होती. आजूबाजूच्या बायका "नशीबवान बाई" म्हणत होत्या आणि ती मान हलवत होती.

मी काही बोललो नाही. लोकांना मी नंतर असं सांगितलं असतं की तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं, ते मी कसं काढून घेऊ? ते खोटं नाही. पण खरं कारण दुसरं होतं. ती गोष्ट बाहेर आली असती तर तिच्या मागोमाग माझं नाव बाहेर आलं असतं. मी भित्रा निघालो. तेरा दिवस मी तोंड बंद ठेवलं.

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर गोपालने मला मागच्या अंगणात नेलं. पोराचं डोकं नुकतंच भादरलेलं, डोळे सुजलेले.

"काका, आई अजून बोलते," तो म्हणाला. "दर घंट्याले. अजी आयकता का, म्हणते, मंग कान देते अन् हासते. मी म्हणलं, आजीले घेऊन चाल, अमरावतीले राहू आपन. तं म्हणते, हे अठीच हायेत, मी कशी येऊ? तुमी ते वरची पेटी काढून टाका. नाईतर मले आईलेच कोण्या डॉक्टरले दाखवा लागन."

पेटी उतरवायला मला अर्धा तास पुरला असता. पण मग एखाद्या दुपारी तिने हाक दिली असती आणि उत्तर आलं नसतं. का आलं नाही, हे तिला कधी कळलं नसतं आणि पुंजाराम तिच्यापुरता त्या दिवशी पुन्हा मेला असता. शिवाय पोरगा आईला वेडी समजायला लागला होता. मी ठरवलं, आता सांगायचं. खरं कळलं की माणूस मोकळा होतो, असं मला तेव्हा वाटत होतं. आता वाटत नाही.

गोदाबाई झोपल्या होत्या. मनकर्णा त्यांच्या पलंगाजवळ खाली बसली होती, घरचा सेट शेजारच्या स्टुलावर. मी पुंजारामचा हँडसेट आणून तिच्यासमोर ठेवला आणि त्याची बॅटरी काढून वेगळी ठेवली.

"वहिनी, हा त्याचा सेट. तुमच्या डोळ्यापुढं हाय. बॅटरी बी काहाडली. आता तुमी बोला."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग घरचा सेट उचलला. "अजी, आयकता का?"

टुंग.

तिच्या चेहऱ्यावर समाधान आलं, उत्तर आल्यावर येतं तसं. मग तिची नजर खाली पडलेल्या हँडसेटवर गेली. तिने पुन्हा बटण दाबलं, या वेळी न बोलता. टुंग. आणखी एकदा दाबलं. टुंग. चौथ्यांदा दाबलं नाही.

"हे पेटीचं," ती म्हणाली.

"हो."

"तुमी सांगतलं होतं. एक पेटीचं, एक त्याइचं."

"सांगतलं होतं. पन तुमाले नीट समजलं का, हे मी पुसलं नाई. चूक माही हाय वहिनी. तुमची नाई."

तिने ते ऐकलंच नसावं. तिची बोटं हिशेब करत होती, दहा, अकरा, बारा.

"म्हंजे हे मातीत पडून होते अन् मी घरी बसून सांगत होती, गोळी खा," ती म्हणाली. "एक डाव उत्तर नाई आलं असतं तं मी गावभर बोंबलली असती. सहदेवकडं कोनाले तरी धाडलं असतं. पायी गेली असती मी."

"अकराच्या आतच संपलं होतं सगळं. डॉक्टरनं सांगतलं. तुमी गेल्या असत्या तरी काई झालं नसतं."

"ते जाऊ द्या," ती म्हणाली.

मनकर्णा गप्प बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. बाहेर अंगणात भांडी घासली जात होती. मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "भाऊजी, आमची पयली पोरगी तुमाले याद हाय का? गोपालच्या आंधीची?"

मला आठवत होती. दोन वर्षांची होऊन तापात गेली. मनकर्णा तिला घेऊन माहेरी भातकुलीला गेली होती, तिथेच.

"तिच्या अंगात कसकस होती, तरी मी नेलं तिले," ती म्हणाली. "हे म्हणत होते, जाऊ नको. भावाचं लगन होतं, मी आयकलं नाई. त्यानंतर इतक्या वर्षांत त्याइनं त्या पोरीचं नाव काहाडलं नाई, मी बी काहाडलं नाई. जेवताना, झोपताना, ते मधात राहेच. श्रावणात एक दिवस मी सेटवर सांगून टाकलं. म्हणलं, अजी, पोरीचं माह्यानं चुकलं. तुमी नाई म्हणत होते, मी आयकलं नाई. मले माफ करा. अन् टुंग वाजलं."

तिने सेट दोन्ही हातांत धरला होता.

"मी लय रडली त्या दिवशी. मले वाटलं, हूं म्हणले. संध्याकाळी हे घरी आले, जेवले, झोपले. काई बोलले नाई, तं मी बी विचारलं नाई. म्हणलं, व्हाचं ते झालं, आता कायले उकराचं?" ती थांबली. "तवा एक डाव वाजलं होतं का दोन डाव?"

"वहिनी..."

"मी मोजलंच नाई. मोजा लागते, हेच मले माहीत नव्हतं. भाऊजी, तुमी वर जाऊन पाहा ना. त्या पेटीत लिहून राहात असन, कोनं कवा बटन दाबलं ते. श्रावणातला सोमवार होता. दोन वाजले होते दुपारचे. एवढंच पाहून या मले."

यंत्राबद्दल मला कोणी काही विचारलं आणि उत्तर आलं नाही, असं आयुष्यात झालेलं नाही. याचंही उत्तर मला येत होतं.

"नाई वहिनी," मी म्हणालो. "तिच्यात काईच राहत नाई."